इस्त्रीच्या शर्टातला चोर

परवा माझी नात यशोधरा फोन घेऊन आली आणि पलंगावर माझ्या शेजारी धपकन बसली. म्हणाली, "आजी, हे बघ ना, आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सगळे हेच पाठवतायत, भारी फनी आहे." जुन्या मराठी सिनेमातला अर्ध्या-पाऊण मिनिटाचा तुकडा होता. मंडई, भाज्यांचे ढीग, एक इन्स्पेक्टर आणि एक उंच, रुंद खांद्यांचा चोर. त्याला कुणीतरी आजकालचं धडधडतं संगीत जोडलं होतं. यशू हसून लोळत होती आणि मला मात्र जुनी धास्ती वाटली. इतक्या वर्षांनी, खराडीच्या या लिफ्टच्या इमारतीत, तीच धास्ती. मी म्हटलं, तो चोर तुझा पणजोबा आहे. तिला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि फोन पालथा ठेवला. तिला जे सांगितलं तेच आता नीट लिहून काढते आहे. मी सांगताना फार घाई करते अशी घरात तक्रार आहे, आणि तसंही या प्रकरणावर सगळं पुणं हसलं तरी मला कधी धड हसता आलेलं नाही. लिहिताना तरी येतं का बघू.

आम्ही तेव्हा खडकीला राहत होतो, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे वीतभर जागेत आईनं लावलेली तुळस-गवती चहाची गर्दी. घड्याळ होतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नसे; कारखान्याचा भोंगा उठवायचा आणि भोंगाच जेवायला बसवायचा. अधूनमधून लांबच्या मैदानावर चाचणीचे धडाके झाले की खिडकीची तावदानं थरथरायची. पाहुणे दचकायचे आणि आम्हाला उगाच मोठेपणा वाटायचा. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती आणि घरीही ती शिक्षिकाच असे. घरात आवाज चढवायचा नाही, 'हाय-न्हाय' म्हणायचं नाही, दोरीवर फाटका कपडा वाळत घालायचा नाही. फाटला असेल तर आधी शिवायचा, मग धुवायचा. दिवेलागणीला बुद्धवंदना व्हायची, आणि ती झाली की स्टोव्हवर बोंबलाचं कालवण नाहीतर सुकट चढायची. सुकटीच्या वेळी आई खिडकी लावून घ्यायची. बाबा म्हणायचे, अगं सबंध चाळीत आज सुकटच शिजतेय, लपवतेस कुणापासून? आई म्हणायची, लपवत नाही, झाकते. धास्ती मला आईकडून आली. लोक काय म्हणतील यापेक्षा लोकांना काही म्हणायला जागाच राहू नये, हे तिचं शास्त्र होतं, आणि आमच्या लोकांबद्दल काय काय म्हटलं जातं ते तिनं लहानपणी गावात पुरेपूर ऐकलेलं होतं.

बाबांचा स्वभाव उलटा. त्यांना नाटकाचं वेड होतं. कारखान्यातली हौशी मंडळी दरवर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत उतरायची आणि बाबा त्यांत असायचेच, पण काय म्हणून? तर हवालदार म्हणून. उंची होती, खांदे रुंद होते, त्यामुळे बाबांना पाहिलं की दिग्दर्शकाला हवालदारच दिसायचा. दारात उभं राहायचं, "साहेब, आरोपी हजर आहे" म्हणायचं आणि नाटक संपेपर्यंत तसंच उभं राहायचं. कधी पट्टेवाला, कधी दरवान, पण उभं राहायचं दारातच. बाबा हसून सांगायचे की रंगभूमीवरची सगळी दारं मला तोंडपाठ आहेत. आम्हीही हसायचो. ते हसण्यावारी नेतात म्हणून ते हसण्यासारखं आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

अशाच एका स्पर्धेत लेले नावाच्या तरुण माणसानं त्यांना पाहिलं. लेले पहिलाच सिनेमा काढत होता. विनोदी, चोरीचा. लग्नघरातून एक चपलाहार चोरीला जातो आणि मग तो एका चोराकडून दुसऱ्याकडे असा गावभर फिरतो, एवढीच गोष्ट. खरं सांगायचं तर गोष्टीत काही दम नव्हता. सगळा भार नटांवर होता, आणि नट मात्र एकापेक्षा एक. नाटकांतले मुरलेले लोक, ज्यांनी नुसतं पान खाल्लं तरी प्रेक्षकांनी हसावं. इन्स्पेक्टरचं काम करायला तर साक्षात नाना होते. म्हणजे सगळे त्यांना नानाच म्हणत, मीही तेवढंच म्हणते. अशा सगळ्या मोठ्यांच्या मेळ्यात बाबांना काम मिळालं. हवालदाराचं. नानांच्या मागे उभं राहायचं आणि एकदा सलाम ठोकायचा.

आईला ही भूमिका फारच पसंत पडली. गणवेश, टोपी, कायद्याचं राज्य, आणखी काय पाहिजे? तिनं शाळेत सांगितलं, विहारात सांगितलं, पाण्याच्या नळावर तर रोज सांगितलं. आणि साळवेसाहेबांना सांगितलं. हे साळवेसाहेब कोण ते सांगायला हवं, कारण माझा जीव टांगणीला लागला तो त्यांच्यापायी. माझी मोठी बहीण सुनंदाताई हिच्यासाठी त्यांच्या मुलाचं स्थळ आलेलं होतं. मुलगा चांगला, नोकरीत कायम, आणि मुख्य म्हणजे ताईला तो मनापासून आवडला होता. त्याचं नाव निघालं की ती उगाच भांडी पुन्हा विसळायला घ्यायची. बोलणी जवळजवळ झालेली, फक्त साळवेसाहेबांचा शेवटचा होकार यायचा होता. ते सरकारी कचेरीत अधिकारी होते, सभांना अध्यक्ष असायचे, आणि आपल्या समाजाला नाटक-सिनेमात कसं दाखवतात यावर त्यांची बारीक नजर असायची. एकदा एका नाटकात आमच्यातल्या आडनावाचं एक पात्र फाटक्या बंडीत, लाचार हसत रंगमंचावर आलं, तर साहेब पहिल्या रांगेतून उठले, मागे वळून म्हणाले, "चला," आणि अर्धं थिएटर त्यांच्यामागून बाहेर पडलं. बाबाही त्या दिवशी बाहेर पडलेल्यांत होते. असे ते गृहस्थ. बाबांच्या हवालदारकीची बातमी ऐकून ते प्रसन्न झाले आणि म्हणाले, गायकवाड, हे उत्तम झालं, आपला माणूस पडद्यावर गणवेशात दिसला पाहिजे.

मंडईतलं शूटिंग सुट्टीच्या दिवशी सकाळी होतं. आईनं मला डबा घेऊन बाबांबरोबर धाडलं. मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या शाळेच्या शेवटच्या वर्गात होते, आणि सिनेमाचं शूटिंग बघायचं म्हणून दोन वेण्यांना नव्या रिबिनी लावून गेले होते. मंडईत पोचलो तर तिथे गाड्या, वायरी, तारांवर पाय देऊ नका म्हणून ओरडणारी माणसं, आणि फ्लॉवर-कोबीचे ढीग नेहमीपेक्षा जास्त नीट रचलेले. भाजीवाल्या बायका खास लुगडी नेसून आल्या होत्या आणि कॅमेरा आपल्याकडे कधी वळतो म्हणून गिऱ्हाईकं परतवत होत्या. बाबा कपडे बदलायला गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. मग दिसले ते लेलेशी बोलताना. गणवेश नव्हता. लेले हातवारे करून त्यांना काहीतरी पटवत होता. मी जवळ गेले तेव्हा कळलं की मुख्य चोराचं काम करणाऱ्या नटाला कावीळ झालीय, तो अंथरुणाला खिळलाय, आणि नानांनी सुचवलंय की त्या उंच हवालदाराला घ्या, त्याचा चेहरा प्रामाणिक आहे, असा चोर मजा आणील.

बाबांचा चेहरा मला अजून आठवतो. नाही म्हणणारा चेहराच नव्हता तो. त्यांनी फक्त माझ्याकडे एकदा पाहिलं. मग कपड्यांचा माणूस फाटकी, तेलकट बनियन आणि एक कोळशाची वाटी घेऊन आला, तोंडाला फासायला. बाबांनी त्या बनियनकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. लेलेला ते अगदी मऊ आवाजात म्हणाले की साहेब, चोर लग्नघरात शिरणार आहे ना, मग मळक्या कपड्यांत त्याला आत कोण घेईल? तो इस्त्रीचा शर्टच घालील. लेले म्हणाला, चोर आहे हो तो. बाबा म्हणाले, "असू दे ना. चोर असला तरी गबाळा कशाला असायला हवा?" नाना बाजूच्या खुर्चीत तंबाखू मळत होते, ते म्हणाले, ऐक त्यांचं. मग बाबा घरून घालून आले होते तोच, आईनं कॉलर कडक करून दिलेला पांढरा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर गेले.

प्रसंग असा होता: चोराच्या पिशवीत फ्लॉवरचा गड्डा, गड्ड्यात हार. समोरून इन्स्पेक्टर येतो, "थांब" म्हणतो, आणि चोर पळत सुटतो, बटाट्यांच्या ढिगात कोसळतो. बाबांनी दोनदा पळून दाखवलं, पडूनही दाखवलं. सगळं ठीक. मग खरा कॅमेरा सुरू झाला. नाना गर्दीतून आले, एकदम करड्या आवाजात म्हणाले, "थांब." आणि बाबा पळालेच नाहीत. त्यांनी पिशवी शांतपणे जमिनीवर ठेवली. पाय फाकवले. दोन्ही हात सरळ वर केले आणि मान थोडी वळवून समोर कुठेतरी लांब बघत राहिले. नाना क्षणभर थबकले असतील, पण ते मुरलेले नट; पुढे आले, बाबांचे खिसे चाचपले, कमरेवरून हात फिरवला. बाबांनी न सांगता पाठ फिरवली. मग एक पाय मागे उचलून चपलेचा तळवा दाखवला, मग दुसरा. खाली वाकून पिशवीचं तोंडही स्वतःच उघडून धरलं. नानांनी आत पाहिलं, फ्लॉवर पाहिला आणि कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "जा." बाबा म्हणाले, "नमस्कार साहेब," आणि हार घेऊन चालते झाले.

मग मंडईत असा हशा पिकला की कबुतरं उडाली. भाजीवाल्या पदर तोंडात धरून हसत होत्या, लेले नाचत होता. बाबा मात्र घाबरेघुबरे होऊन परत आले आणि म्हणाले, साहेब, चुकलं, पळायचं होतं ना, परत करतो. नाना त्यांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, अहो काय परत करता, जन्मात परत होणार नाही असं. मला काय वाटलं? मला वाटलं बाबांना ऐनवेळी काय झकास सुचलंय. आणि त्याच वेळी वाटलं की मेलो. आता घरी काय सांगायचं?

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. डबा तसाच राहिला होता. संगमच्या पुलाजवळ ते म्हणाले, "आईला मीच सांगेन. तू घाई करू नकोस." मी म्हटलं, आणि साळवेसाहेबांना? पूल ओलांडल्यावर ते म्हणाले की बेबी, इतकी वर्षं दारात उभा राहिलो, आज पहिल्यांदा कुणीतरी मला आत घेतलं गं. मग मला पुढे काही विचारायचा धीरच झाला नाही. त्या दिवसापासून आम्ही दोघं एका धास्तीचे भागीदार झालो. घरी आईनं विचारलं, कसं झालं, सलाम नीट ठोकला ना? बाबा म्हणाले, झालं बरं. खोटं काहीच नव्हतं त्यात, हीच तर पंचाईत होती.

लग्नघराचं शूटिंग पुढच्या सुट्ट्यांना झालं, तरी बाबा आज सांगतो, उद्या सांगतो करत राहिले. रोज जेवताना ते घसा खाकरायचे आणि माझा घास हातातच राहायचा. मग ते म्हणायचे, मीठ वाढ. दरम्यान आईचा हवालदार मोठा होत चालला होता. नळावर बोलता बोलता तिनं त्याला दोन फिती दिल्या. शाळेत तर तो जवळजवळ फौजदारच झाला. चित्रपट डब्यात जाईल, रिळं खराब होतील, लेलेचं दिवाळं निघेल अशी मी मनातल्या मनात प्रार्थना करायची, आणि मग बाबांचा चेहरा आठवला की ती परत घ्यायची. ताईकडे बघवत नसे. तिनं लग्नात नेसायच्या पांढऱ्या साडीला लावायला किनारीचे नमुने जमवायला सुरुवात केली होती. एकदा मला झोपेतून उठवून तिनं विचारलं की तुझं पोट सारखं का दुखतं? मी म्हटलं, चिंचा खाल्ल्या.

आणि मग सिनेमा लागला. लागला तो लागला, वर चांगला चालला. बाबांनी तिकिटं मिळत नाहीत असं सांगून पहिला आठवडा ढकलला. दुसऱ्या आठवड्यात साळवेसाहेब स्वतः दारात हजर. दोन्ही घरांची रविवारच्या दुपारच्या खेळाची तिकिटं त्यांनीच काढून आणली होती, एका रांगेची. म्हणाले, मी मुद्दाम कुणाकडून काही ऐकलेलं नाही, आपल्या माणसाला ताजंच पाहायचं. बाबांना रविवारी सकाळी ताप भरला. आईनं कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाली, चला, कपडे करा. मला वाटतं तिला वाटलं, माणूस लाजतोय.

रांगेत बसायचा क्रम असा: साळवेसाहेब, बाबा, आई, मी, ताई, साळवेकाकू आणि अगदी टोकाला बिचारा नवरामुलगा. खाली पुढच्या बाकांवर कारखान्यातली पोरं आधीच शिट्ट्या मारत होती. पडदा उजळला. नाना आले, टाळ्या. त्यांच्यामागे हवालदार आला, तो कुणी भलताच बुटका. आई माझ्या कानात म्हणाली, हे नाहीत वाटतं. मी मान हलवली. आणि मग लग्नघराच्या दारातून पांढराशुभ्र शर्ट घातलेले बाबा रुबाबात आत शिरले. आईची पाठ ताठ झाली. "गणवेश कुठाय?" तिनं विचारलं. बाबा पडद्यावरच्या बाबांकडे बघत बसले. पलीकडून साळवेसाहेबच हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, साध्या वेशातले पोलीस दिसताहेत." आईनं सुटकेचा श्वास सोडला. झालं. आमच्या सबंध रांगेनं हे धरून ठेवलं. इस्त्रीचा शर्ट, भांग नीट पाडलेला, चालणं सभ्य; असा माणूस पोलीस नाही तर कोण असणार? बाबांनी पडद्यावर नवरीची पेटी उघडली तेव्हा साहेब म्हणाले, तपास करताहेत. बाबांनी हार उचलून शर्टात घातला तेव्हा जरा वेळ गेला, पण साहेब म्हणाले, पुरावा ताब्यात घेतला. सारं थिएटर हसत होतं आणि आमची रांग कायद्याच्या बाजूनं गंभीर होऊन बसली होती. आज हे लिहिताना मला पहिल्यांदा हसू आलं, यशूला सांगायला हवं. तेव्हा मात्र मला हसू सुचत नव्हतं, कारण मंडई जवळ येत होती.

मंडई आली. बाबांनी हार फ्लॉवरमध्ये कोंबला. त्यानंतर पुरावा वगैरे म्हणायला कुणालाच तोंड राहिलं नाही. नाना म्हणाले, "थांब." पडद्याएवढे मोठे झालेले बाबा पाय फाकवून, दोन्ही हात वर करून उभे राहिले. थिएटर फुटायच्या बेताला आलं. आणि खाली पुढच्या बाकांवरची कारखान्यातली माणसं एकेक करून उठली, आणि सगळ्यांनी हात वर केले, पडद्यावरच्या बाबांसारखेच, अन् शिट्ट्या मारू लागली. मला काही कळेना. मी चोरून डावीकडे पाहिलं. साळवेसाहेब हसत नव्हते. त्यांचे हात खुर्चीच्या दांड्यांवर घट्ट होते आणि मला खात्री झाली की आता ते उठणार, मागे वळून "चला" म्हणणार, आणि ताईचं लग्न या अंधारात मोडणार. आई तर पडद्याकडे अशी बघत होती की पापणी हलेना. ताईनं माझा हात धरला, तिलाही समजलं होतं.

पण साहेब उठले नाहीत. शेवटपर्यंत बसले. बाहेर आल्यावर एक शब्द न बोलता त्यांनी आम्हाला शेजारच्या हॉटेलात नेलं आणि चहा मागवला. बायका एका टेबलाला, ते, बाबा आणि नवरामुलगा शेजारच्या. चहा आला, कुणी पीत नव्हतं. मग साहेबांनी कप बाजूला सारला आणि ते म्हणाले, "गायकवाड, चोर झालात, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. कपडे चांगले होते. पण त्या माणसासमोर हात वर करून, चपला दाखवत उभं राहायचं, हे कुणी शिकवलं तुम्हाला? कुणी बसवलं हे?"

बाबा ओशाळले. म्हणाले, "कुणी नाही, साहेब. मला खरं तर पळायचं होतं. 'थांब' म्हटल्यावर हात आपोआप वर गेले."

"आपोआप म्हणजे?"

"गेटवर झडती असते ना आमची. दारूगोळ्याचं काम, आत काडेपेटी जायला नको, बाहेर काही यायला नको. रोज आत जाताना आणि बाहेर येताना. सगळ्यांचीच असते, माझी एकट्याची नाही. सवय आहे."

साळवेसाहेबांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, आणि तो तसाच ठेवला. बराच वेळ ते बाबांच्या हातांकडे बघत होते, आणि बाबांनी ते टेबलाखाली घेतले. मग साहेब म्हणाले की उद्या त्या दिग्दर्शकाच्या घरी जाऊन त्याची खरडपट्टी काढायची असं मी आत बसून ठरवलं होतं. "आता कुणाची काढू?" हे त्यांनी विचारलं ते कुणालाच नव्हे. बिल देताना त्यांनी बाबांना काही बोलू दिलं नाही, आणि रस्त्यावर आल्यावर आईला म्हणाले, "वहिनी, पुढच्या रविवारी जेवायला या. मुहूर्त वगैरे आपण बघत नाही, सोयीचा दिवस ठरवून टाकू." ताई तिथेच रडायला लागली. साळवेकाकूंनी तिला जवळ घेतलं. मी तर चक्क फुटपाथवर बसले आणि आई मला रागावली नाही, यावरूनच ओळखा.

आई कुणालाच काही बोलली नाही. चोराबद्दल नाही, लपवल्याबद्दल नाही. घरी येऊन तिनं साडी बदलली, दिवा लावला, वंदना म्हटली, तीही एका सुरात. बाबा तिच्या मागेमागे स्वयंपाकघरात गेले आणि सांगणार होतो, सांगणार होतो असं पुटपुटत राहिले. ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "झडती होते हे मला माहीत होतं. असे उभे राहता, हे माहीत नव्हतं." त्यापुढे त्यांच्यात काय बोलणं झालं ते मला माहीत नाही, बहुधा झालंच नसावं. मी भिंतीपलीकडे अभ्यासाचं पुस्तक उघडून बसले होते. इतके दिवस मी ज्याला भीत होते तो प्रसंग सुखरूप पार पडला होता, तरी घरात कुणाला मोकळं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, भोंग्याच्या आधी बाबा नेहमीसारखे निघाले. आईनं मला म्हटलं, चल, मला गेटपर्यंत जायचंय. तिच्या शाळेचा रस्ता बरोबर उलटा. आम्ही रस्त्याच्या अलीकडे एका चिंचेखाली उभ्या राहिलो. सायकली लावून माणसं रांगेत जात होती आणि प्रत्येकजण त्या एका जागी पोचला की पाय फाकवून हात वर करत होता. कुणी हसत नव्हतं, कुणी वाईट तोंडही करत नव्हतं. बाबांची पाळी आली. त्यांनी डबा खाली ठेवला, हात वर केले. पहारेकऱ्यानं खिसे चाचपले. पाठ फिरवताना बाबांना आम्ही दिसलो. हात वर असताना त्यांना काही करता येईना. ना ओळख दाखवता येईना, ना तोंड लपवता येईना. मला वाटलं आईनं आता निघावं, देवा, आता तरी निघावं. पण तिनं पदर खांद्यावर नीट घेतला आणि त्यांचा दुसरा पाय खाली टेकेपर्यंत ती तशीच सरळ त्यांच्याकडे बघत उभी राहिली. मग मला शाळेत सोडलं आणि स्वतः उशिरा पोचली. आयुष्यात पहिल्यांदा.

संध्याकाळी बाबा आले ते दारातच घुटमळले. आई भाकऱ्या थापत होती. ताई आणि मी उगाचच कपड्यांच्या घड्या घालत होतो. त्यांनी चपला काढल्या, डबा मोरीत ठेवला आणि शेवटी विचारलं, "कशाला आली होतीस?"

"बघायला," आई म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, तिला पाणी लावलं. मग त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "सिनेमात जास्त बरं जमलं होतं तुम्हाला."

बाबा जे हसत सुटले ते थांबेचनात. ताई हसली, मी हसले. आई मात्र हसत नव्हती. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तिला उलटायचं सुचेना, आणि तिनं पिठाच्या हातानंच डोळे पुसले. बाबा तिच्याजवळ उकिडवे बसले. त्यांनी चटका सोसत भाकरी हातानं उलटली, आणि म्हणाले, "अगं, सवय होते." आई म्हणाली, "मला नाही व्हायची."